नॉन-रिटर्न

सोहारच्या समुद्राकाठी आमचा कारखाना
खाऱ्याचं गोडं करतो.
तिथे मी व्हॉल्व्ह बघतो. अकरा वर्षं झाली.
पाणी पुढे जावं, मागे फिरू नये
एवढ्यासाठी पाइपात एक झडप असते,
तिचं नाव नॉन-रिटर्न.
ती ढिली झाली की मीटरच्या आधी मला कळतं,
पाइपावर हात ठेवला तरी पुरे :
एक बारीक थरथर,
कुणी आवंढा गिळावा तशी.

स्वतःची मात्र कळली नाही.

रात्रपाळी सुटली की पहाटे जेवायचं.
मेसचा लालभडक रस्सा, चार खबुस,
वर सुलेमानी, दोन कप,
आणि लगेच आडवं व्हायचं,
सहानंतर खोलीत दिवसपाळीवाल्यांची गडबड.
तासाभरात छातीच्या हाडामागे निखारा.
उठून बसायचं. आंबट, कडू, पार घशाशी.
खालच्या ग्रोसरीतून गुलाबी गोळ्यांची पट्टी आणायची,
चघळायची. चव पाटीवरच्या पेन्सिलीची,
पहिलीत असताना खाल्लेली.

म्हणायचो, मसाला जास्त झाला.
मग म्हणायचो, ऊन.
मग, वय.
मग म्हणायचंच सोडून दिलं.

सुगंधानं फोनवर ओळखलं.
"आवाज का बसलाय?"
"एसी."
"चार महिने एसी?"
तिनं कोकमाच्या आगळाची बाटली पाठवली,
दाभोळच्या नजीरभाईंच्या बॅगेतून,
माझ्याच जुन्या बनियनमध्ये गुंडाळून.
पित्तावर कोकम, आमच्याकडे पोरंसुद्धा सांगतील.
मी रोज प्यालो. रोज जळालो.
तिला सांगितलं, बरं वाटतंय.

कॅम्पात दातांचा डॉक्टर आला होता.
वरचे दात आरशात उलटे दाखवून म्हणाला,
"आतून झिजलेत. लिंबं चोखतोस का?"
हसलो. खोकला आला. तो थांबेना.

डॉक्टर वर्गीसबाईंनी घशातून कॅमेरा घातला,
नंतर पावतीच्या मागे चित्र काढलं :
एक नळी, एक पिशवी, मधे कडं.
"हे नीट मिटत नाही. खालचं वर येतं."
"नॉन-रिटर्न," मी म्हटलं.
त्या हसल्या. मग हसल्या नाहीत.
"रोज आम्ल लागून लागून
नळीचं अस्तर बदलायला लागलंय,
पोटातल्यासारखं होतंय. कॅन्सर नाही.
पण आता अधूनमधून डोकवायला लागेल."
मी चित्राकडे बघत राहिलो.
जिथे राहावं लागतं तिथलं होऊन जायचं,
हे नळीला कुणी शिकवलं?
"तुमच्याकडे असा पाइप निघाला तर काय करता?"
"शटडाऊन घेतो, मॅडम."
"मग?"

गोळी सकाळी, उपाशीपोटी.
जेवण आणि झोप यांत तीन तास.
पलंगाची उशाकडची बाजू वीतभर वर.

आमचे पलंग दुमजली. माझ्या वर टेकनाथ, पोखराचा.
मी स्टोअरमधून लाकडाचे दोन ठोकळे आणले,
पायांखाली सारले. तोही माझ्याबरोबर तिरका झाला.
सांगायला तोंड उघडलं तर म्हणाला,
"हमारे गाँव में सीधा कुछ होता ही नहीं।"
दुसऱ्या दिवशी त्याची पाण्याची बाटली
गडगडत माझ्या पायाशी आली.
तिसऱ्या दिवशी ती सुतळीनं बांधलेली होती.

शुक्रवारी सुगंधाला सगळं सांगितलं.
कॅमेरा, अस्तर, ठोकळे.
बाबा म्हणत, पुरुषानं गोष्ट पोटात ठेवावी.
ठेवली होती. राहिली नाही.
"आणि आगळ?" तिनं विचारलं.
"पहिल्यापासूनच सोसत नव्हतं गं."

पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग एक बारीक थरथर.
मी फोन कानाशी आणखी दाबला,
पाइपावर हात दाबतो तसा.